चापावरचं बोट

हळूमामा हे नाव दोघांनी मिळून ठेवलेलं होतं. त्यातला मामा भाचीचा आणि हळू त्याचा स्वतःचा. मैदानावर कुणी धनुष्य उचललं की हा माणूस मागं जाऊन उभा राहायचा आणि एवढा एकच शब्द बोलायचा. तोसुद्धा इतक्या सावकाश, की नवख्याला वाटावं याला पुढचं आठवत नाहीये. जेवायलाही त्याला पाऊण तास लागे. बायको म्हणायची, "यांच्याबरोबर ताट वाढून घेतलं की माझा हात वाळून जातो." चिडवायला हे सगळं ठीक होतं. पण त्याचा खरा हळूपणा एकाच गोष्टीसाठी होता, आणि ती म्हणजे उजव्या हाताची तर्जनी.

ते मैदान एका तिरंदाजी क्लबचं होतं, आणि तिथं कंपाउंड धनुष्य चालवत. दोन्ही टोकांना चाकं असलेलं, जड आणि दिसायला काहीसं कारखान्यातलं. त्याची दोरी बोटांनी ओढत नाहीत. मनगटाला पट्टा बांधायचा, पट्ट्याच्या पुढे बोटभर लांबीचा चिमटा, तो दोरीला अडकवायचा, आणि त्या चिमट्याला बंदुकीला असतो तसा बारीकसा चाप. चाप मागं आला की चिमटा उघडतो, दोरी सुटते, बाण जातो. या साधनाला रिलीज म्हणतात. बघणाऱ्याला वाटतं, यात काय आहे, दाबलं की झालं. माशी शिंकते ती तिथंच. नवखा माणूस नेम मधल्या पिवळ्यावर आला रे आला की बोटाच्या टोकानं चापाला टपली मारतो. टपलीबरोबर मनगट हलतं, मनगटाबरोबर खांदा, आणि बाण जायचा तिकडं जातो.

हळूमामा शिकवायचा ते असं. दोरी ओढताना तर्जनी सरळ, चापाच्या मागं, चिमट्याच्या अंगाला टेकलेली. मूठ जबड्याच्या हाडामागं येऊन बसली, नेम स्थिर झाला, की मगच बोट पुढं न्यायचं. टोक लावायचं नाही, पहिल्या सांध्यापर्यंत आत घालायचं. आणि एकदा घातलं की बोटानं काहीही करायचं नाही. बोट म्हणजे नुसता आकडा. ओढायचं ते पाठीनं. कोपर मागं मागं जात राहतं, आकडा आपोआप चाप ओढतो, आणि बाण सुटतो तेव्हा सोडणाऱ्यालाच नवल वाटलं पाहिजे.

"बाण आता सुटणार हे तुला कळलं, म्हणजे तू चुकलास," तो सांगायचा. नवख्यांना हे पटायचं नाही. मग तो त्यांच्या हातातलं धनुष्य काढून घ्यायचा आणि सुतळीचं एक कडं द्यायचा. रिलीज त्या कड्याला अडकवायचा, दुसऱ्या हातानं कडं ताणून धरायचं, आणि महिनाभर नुसतं तेच. बोट मागं, मूठ जबड्यापाशी, बोट पुढं, पाठ ओढ. काही जण आठवड्यात कंटाळून निघून जायचे. राहायचे ते तयार व्हायचे. क्लबच्या खोलीबाहेर नियमांची पाटी होती, तिच्यावरचा पहिला नियम त्याच्याच अक्षरात होता: दोरी पूर्ण ओढून होईपर्यंत बोट चापाला लावू नये.

पोट मात्र त्याचं यावर चालत नव्हतं. पोट चालायचं ओतकामाच्या कारखान्यात. साच्यातून निघालेल्या लोखंडी तुकड्यांच्या कडा ग्राइंडरनं घासून साफ करायच्या, दिवसाला आठ तास, आणि अशी सव्वीस वर्षं. मशीन हातात धरली की ती दंडापर्यंत थरथरते आणि ठेवली तरी रात्रीपर्यंत हात थरथरत राहतात. कानात कापसाचे बोळे, तोंडाला फडकं, दिवसभर कुणाशी बोलणं नाही. मैदान कारखान्याच्या मागच्याच बाजूला. सोळा वर्षांपूर्वी तिथले मोडके लोखंडी स्टँड जोडून द्यायला म्हणून तो गेला, आणि तिथली शांतता बघून उभाच राहिला. त्यानंतर त्याचा एकही रविवार दुसरीकडं गेला नाही. मूलबाळ नव्हतं. बायकोनं सुरुवातीला कुरकुर केली, मग रविवारी सकाळी त्याचा डबा मुकाट्यानं भरून ठेवायला लागली.

पांढरी पडली ती आधी करंगळी. थंडीच्या दिवसांत सकाळी बोटं पांढरीफटक व्हायची, चोळली की हळूहळू रंग यायचा आणि मुंग्या यायच्या. कारखान्यात निम्म्या जणांना ते होतं, त्यामुळं कुणी मनावर घेत नव्हतं. मग रंग येऊनही बोटांना काही कळेना. एकदा चहाचा कप धरून तो बोलत उभा होता आणि बायको धावत येऊन म्हणाली, "अहो, बोट भाजतंय तुमचं." त्याला पत्ता नव्हता. डॉक्टरांनी सुई टोचून पाहिली. अंगठ्याला कळलं, तर्जनीला आणि मधल्या बोटाला कळलं नाही. मशीनच्या थरथरण्यानं नसा गेल्या आहेत, गेलेल्या परत येणार नाहीत, मशीन सोडा, असं त्यांनी सांगितलं. मशीन सुटली. कारखान्यानं त्याला कोठारात बसवलं. शर्टाची बटणं मात्र बायको लावून द्यायला लागली, आणि हे तिनं कुणाला सांगायचं नाही असं ठरलं.

न सांगण्याचं कारण सरळ होतं. ज्याच्या हातावर भरवसा नाही त्याला क्लब रेषेवर उभं राहू देत नसे, आणि त्यात काही चूकही नव्हतं. हळूमामानं स्वतः दोघांना असं घरी पाठवलं होतं, एकाला हात कापतो म्हणून आणि एकाला डोळ्यावर पडदा येतो म्हणून. दोघंही बिचारे मुकाट्यानं गेले होते. आता स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र मामानं तोंडाला कुलूप लावलं. कारखान्यात तो कोठारातला एक म्हातारा होत चाललेला माणूस होता. मैदानावर तो हळूमामा होता. तेवढी एकच जागा हातची जाऊ नये, एवढंच त्याला हवं होतं, आणि त्यासाठी तो खोटं बोलायला तयार होता.

गंमत अशी की त्याचा नेम बिघडला नाही. बोटानं काही करायचंच नसतं हे तो सोळा वर्षं सांगत आला होता, आणि आता त्याच्या बोटाला खरोखरच काही करता येत नव्हतं. पाठ ओढायची, आकडा ओढला जायचा, बाण पिवळ्यात. अडचण होती ती आकडा चापात घालण्याची. मूठ जबड्यामागं गेली की बोट दिसत नाही. ते चापावर आहे की बाजूला, हे फक्त स्पर्शानं कळतं, आणि स्पर्श तर संपलेला. दोन-तीन रविवार असं झालं, की तो कोपर ओढतोय ओढतोय आणि बाण काही जाईना. बोट चिमट्याच्या अंगावरच राहिलेलं. हात थरथरायला लागले, दोरी उतरवून घ्यावी लागली. सेक्रेटरींनी, म्हणजे जमीन मोजण्याच्या खात्यातून निवृत्त झालेल्या एका उंच, काटेकोर गृहस्थांनी, सहज विचारलं, "मामा, आज सारखं उतरवताय?"

"वारा आहे," मामा म्हणाला. वारा नव्हता.

पुढच्या रविवारपासून त्यानं एक पळवाट काढली. धनुष्य अजून खाली आहे, दोरी ओढलेली नाही, बोट डोळ्यांना दिसतंय, तेव्हाच ते बघून चापात घालायचं आणि मग ओढायचं. पाटीवरच्या पहिल्या नियमाच्या बरोबर उलट. ओढता ओढता चाप सुटू नये म्हणून त्यानं दुसरी तजवीज केली. चापाचा ताण कमी-जास्त करायला आत एक बारीक स्क्रू असतो, तो त्यानं डाव्या हातानं, दात-ओठ खाऊन, शेवटपर्यंत आवळला. आता त्याचा चाप इतका घट्ट झाला की दुसऱ्या कुणाला तो ओढवलाही नसता. मामा वेडा नव्हता. आपण काय करतोय हे त्याला पुरतं माहीत होतं.

भाचीला यातलं निम्मंच दिसलं.

भाची त्याच्या थोरल्या बहिणीची मुलगी, वय बावीस. चष्म्याच्या दुकानात काम करायची. दिवसभर तांदळाएवढे स्क्रू बसवून तिची नजर अशी झाली होती, की कुणाचं काय बारीकसं बदललं ते तिला आधी दिसायचं. ती चौदाची असताना मामानं तिच्या हातात सुतळीचं कडं दिलं, आणि आता क्लबमध्ये तिच्या तोडीचं कुणी नव्हतं. यंदा विभागाच्या संघाची निवड होती. वयाची अट तेवीसच्या आतली, म्हणजे तिच्यासाठी पहिली आणि शेवटची. तिनं दुकानातून महिनाभर सुट्टी मागून घेतली होती. मालकानं तोंड वाकडं करून का होईना, दिली होती.

एका रविवारी तिनं मामाचं बोट पाहिलं. दोरी ओढायच्या आधीच चापात. तिला वाटलं नजरचूक असेल. पुढचे सहा बाण तिनं नीट पाहिले, सहाही वेळा तेच, आणि सहाही बाण पिवळ्यात. तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर विचारून मोकळं झालं असतं. हिनं विचारलं नाही. आठ वर्षं ज्याच्याकडं बघून ती शिकली, तो चुकतोय हे तिच्या मनातही आलं नाही. तिला वाटलं, ही आतली गोष्ट आहे. नवख्यांना शिकवायचं एक, आणि हात तयार झाल्यावर करायचं दुसरं. मामा ते आपल्याला सांगत नाही, कारण आपण अजून तिथवर पोचलेलो नाही. मग तिनं गुपचूप ते करून पाहिलं. बोट आधीच जागेवर असल्यामुळं वेळ वाचतो आणि नेम धरल्यावर काही हलत नाही, असं तिला वाटलं. तिचे गुण दोन-चारानं वाढले, आणि मग तर तिची खात्रीच झाली. स्क्रूचं तिला ठाऊक नव्हतं. तिचा चाप हलका होता, मामानंच कधीकाळी बसवून दिलेला.

मामाच्या ते लक्षात आलं नाही असं नाही. निवडीच्या महिनाभर आधी त्यानं एकदा पाहिलं आणि मागून म्हणाला, "बोट मागं घे."

भाची हसली. "हो मामा," म्हणाली, आणि त्याच्यासमोर बोट मागं घेऊन सहा बाण मारले. दोघांमध्ये एक गुपित आहे आणि मामा चारचौघांत ते पाळतोय, असा त्या हसण्याचा अर्थ होता. मामाला तो कळला. घरी येऊन त्यानं बायकोला सांगितलं, तेव्हा ती भाजी चिरत होती. ती म्हणाली, "त्या पोरीला तरी सांगा ना, तुम्ही असं का करता ते. तिला सांगितलं तर काय गावभर होणार आहे का?"

"निवड होऊ दे," मामा म्हणाला. "आत्ता सांगितलं तर तिच्या डोक्यात नको ते बसेल."

हे कारण त्याला स्वतःलाही पटलेलं नव्हतं. खरं कारण एवढंच, की भाचीनं आपल्याकडं जसं बघितलं होतं तसं पुन्हा कुणी बघणार नाही. एकदा सांगितलं की ते बघणं गेलं.

निवडीला बारा दिवस होते. रविवार, सकाळी साडेआठची वेळ, रेषेवर पाच जण, मामा खोलीच्या दारात. भाचीनं बाण लावला, बोट चापात घातलं आणि धनुष्य थोडं वर उचलून दोरी ओढायला लागली. जड धनुष्य सगळेच असं थोडं वर धरून ओढतात आणि मग खाली आणतात. दोरी निम्म्यावर आली असेल, नसेल. हलका चाप, त्यात सांध्यापर्यंत घातलेलं बोट, आणि सगळ्या अंगाची ओढ. चिमटा उघडला. तिची मूठ तिच्याच तोंडावर आदळली, ओठ फाटला, आणि बाण निशाण्यांमागच्या मातीच्या बांधावरून, त्यामागच्या भिंतीवरून, पलीकडं गेला.

भिंतीपलीकडं बसथांबा होता. थांब्यावर लाकडी बाक. बाकाच्या एका टोकाला एक बाई बसली होती, दुसऱ्या टोकाला तिची बाजाराची पिशवी होती, आणि मध्ये वीतभर आत घुसलेला बाण. मामा पळत पोचला तेव्हा ती बाई उभी राहून बाणाकडं बघत होती आणि पुन्हा पुन्हा एकच म्हणत होती, "मी पिशवी घ्यायला वाकणार होते." मामानं तिला पाणी दिलं.

क्लबचा नियम स्पष्ट होता. भिंतीपलीकडं बाण गेला तर सोडणाऱ्याला वर्षभर मैदान बंद. त्याला एकच अपवाद होता. चूक शिकवण्यातली आहे असं शिकवणाऱ्यानं स्वतः कबूल केलं तर शिकवणाऱ्याला कायमचं मैदान बंद आणि शिकणाऱ्याला नुसती ताकीद. म्हणजे हिशेब अगदी उघड होता. मामा बोलला तर भाची निवडीला जाणार. नाही बोलला तर तिचं हे वर्ष जाणार, आणि तिच्याकडं दुसरं वर्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खोलीत बैठक बसली. लांब टेबल, त्याच्या पलीकडं सेक्रेटरी आणि कमिटीतले दोघं, अलीकडं भाची आणि मामा. भाचीच्या ओठाला टाके. सेक्रेटरींनी आवाज चढवला नाही. त्यांना या मुलीबद्दल जिव्हाळा होता, आणि म्हणूनच ते एकेक प्रश्न फुटपट्टीनं आखावा तसा विचारत होते.

"दोरी ओढताना बोट कुठं होतं?"

"चापावर," भाची म्हणाली.

"पहिला नियम काय आहे?"

"माहीत आहे."

"मग असं कोणी शिकवलं?"

"शिकवलं कोणीच नाही," ती म्हणाली. ओठामुळं तिला नीट बोलता येत नव्हतं. "मामा करतो तसं केलं."

सगळ्यांनी मामाकडं पाहिलं. त्याच्यासमोर एक कागद ठेवलेला होता, बाकापाशी कोण कोण होतं याचा, सही करायला. हाताला काहीतरी काम असावं म्हणून मामा तो उचलायला गेला. बोटांना टेबल कुठं संपतं आणि कागद कुठं सुरू होतो ते कळेना. शेवटी त्यानं तळहातानं तो टेबलाच्या कडेपर्यंत सरकवत आणला आणि अंगठ्याखाली धरला. मग वर न बघता म्हणाला, "मी असं करत नाही."

"कधीच?" सेक्रेटरींनी विचारलं.

"कधीच नाही. पाटी माझ्याच हातची आहे."

भाची त्याच्याकडं बघत होती. चेहऱ्याकडं नाही, कागदावरच्या हाताकडं. कमिटीतला एक जण खोकला. मग ती म्हणाली, "मग माझ्याच बघण्यात चूक झाली असेल."

सेक्रेटरींनी ते शब्द जसेच्या तसे लिहून घेतले. वर्षभर बंद. मंगळवारी निवडीची यादी क्लबकडून पुढं गेली, आणि त्यात तिचं नाव नव्हतं.

त्या आठवड्यात मामा बहिणीकडं गेला नाही. बायकोनं विचारलं, काय झालं बैठकीत, तेव्हा तो म्हणाला, "नियमाप्रमाणे झालं." तिनं त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावलं, थोडा वेळ त्याच्या तोंडाकडं बघितलं, आणि आत गेली. त्याला जेवण जाईना. तो स्वतःची समजूत घालत होता. पोरीनं विचारायला नको होतं का? आठ वर्षं शिकलेली मुलगी, तिला पहिला नियम कळू नये? रात्री ही समजूत टिकायची, सकाळी उठल्यावर टिकायची नाही. आपण एका मुलीला तिच्याच डोळ्यांबद्दल खोटं पाडलं, हे त्याला ठाऊक होतं. तिनं ते जाणूनबुजून आपल्याला करू दिलं, हे मात्र त्याला अजून ठाऊक नव्हतं.

रविवारी तो मैदानावर गेला. न जाऊन काय करणार? रेषेवरचे दोघं आपापसात बोलत होते. "शेफारली होती. दोन स्पर्धा जिंकल्या की माणसाला नियम लहान वाटायला लागतात." दुसरा म्हणाला, "मामांचं नाव पुढं केलं बघ. ज्यानं शिकवलं त्याच्यावरच ढकलत होती." मामाला बघून ते गप्प झाले, आणि एकानं सहानुभूतीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. मामानं धनुष्य काढलं. बोट बघून चापात घातलं, दोरी ओढली, पाठ ओढली. पहिला बाण पिवळ्यात गेला. दुसरा पिवळ्यात गेला. तिसरा त्याला खेटून. कितीतरी दिवसांत इतके चांगले बाण गेले नव्हते. चौथा त्यानं लावला आणि न ओढताच काढून घेतला. त्यानं धनुष्य खाली ठेवलं, मनगटाचा पट्टा दातांनी सोडवला आणि तसाच खोलीत गेला.

सेक्रेटरी निशाण्यांचे कागद मोजत बसले होते. मामानं उजवा हात टेबलावर पालथा ठेवला. "टोचा," म्हणाला.

"काय?"

"कागदाची टाचणी आहे ना, ती टोचा. कुठल्याही बोटाला."

सेक्रेटरींनी टोचलं नाही. त्यांनी हातातले कागद बाजूला ठेवले. मग मामानं सगळं सांगितलं, ग्राइंडरपासून स्क्रूपर्यंत, त्याच्या नेहमीच्या सावकाश आवाजात. ते ऐकत असताना सेक्रेटरींचा चेहरा उतरत गेला. त्यांनी वही काढली, बैठकीचं पान उघडलं आणि बराच वेळ त्यावर हात ठेवून बसले.

"सोमवारी का नाही बोललात मामा?" ते म्हणाले. "सोमवारी बोलला असतात तर मंगळवारी यादीत तिचं नाव घातलं असतं. आता यादी बंद झाली. मी कुणाच्या पाया पडलो तरी उघडणार नाही. आणि बंदीसुद्धा उठवता येत नाही. बैठकीत तिनं स्वतःची चूक म्हणून सांगितलीय, तिघांच्या सह्या झाल्यात."

"आणि माझं?"

"तुमचं," सेक्रेटरी म्हणाले, आणि त्यांनी वही मिटली. मामानं खोलीची किल्ली टेबलावर ठेवली. किल्ली त्याच्याकडं अकरा वर्षं होती.

तिथून तो थेट चष्म्याच्या दुकानात गेला. भाचीनं सुट्टी रद्द करून रविवारची पाळी घेतली होती. ती काचेच्या टेबलामागं बसून एका फ्रेमची दांडी बसवत होती. ओठावरचे टाके निघाले होते, खूण राहिली होती. मामा समोरच्या स्टुलावर बसला. माफी मागायची म्हणून वाटेत त्यानं वाक्य जुळवलं होतं, ते त्याला आठवेना. त्यानं सरळ सांगायला सुरुवात केली, की माझ्या बोटांना...

"माहीत आहे मला," भाची म्हणाली. तिनं मान वर केली नाही.

"मामीनं सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला पाहिजे? तुला कागद उचलता येत नव्हता, मामा. मी समोरच होते ना." तिनं स्क्रू चिमट्यात धरून भोकात टाकला. "तेव्हाच कळलं सगळं. बोट आधी का घालतोस, वारा नसताना वारा कुठून येतो, सगळं."

मामाला ते समजायला वेळ लागला. बैठकीत ती नजरचुकीचं बोलली ते त्याचं खोटं ऐकून नाही. त्याचं खरं काय ते कळल्यावर, तेव्हा, जाणूनबुजून.

"मग तू का तसं म्हणालीस?"

"तुझ्याकडं दुसरं काय आहे?" ती म्हणाली. "माझं एक वर्ष गेलं. म्हटलं, जाऊ दे. तुझं तरी राहील."

त्याचा उजवा हात गुडघ्यावर पडलेला होता. भाचीनं त्या हाताकडं पाहिलं, मग पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्याकडं, आणि तिच्या लक्षात आलं. रविवार होता, दुपारचे बारा वाजत होते, आणि मामा मैदानावर नव्हता.

"तू सांगितलंस त्यांना," ती म्हणाली.

"हो. आत्ता तिथूनच आलो."

"मग मला घेतील?"

"नाही. यादी बंद झाली."

"आणि तुला?"

"किल्ली देऊन आलो."

भाचीनं हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मामाला वाटलं होतं ती रडेल, किंवा निदान त्याचा हात धरेल. ती चिडली होती. इतक्या वर्षांत त्यानं तिला कधी चिडलेलं पाहिलं नव्हतं. ओठ तर आत्ता कुठं जुळत आला होता, आणि तो तिनं दाताखाली धरला.

"सोमवारी बोलला असतास तर माझं राहिलं असतं," ती म्हणाली. "आज गप्प बसला असतास तर तुझं राहिलं असतं. मी त्यातलं एक वाचवून ठेवलं होतं, मामा. तेही तू देऊन आलास."

"मला सहन होईना," मामा म्हणाला.

"हो ना. मग तुझं तेवढं हलकं झालं. माझं काय?"

तेवढ्यात दारातून गिऱ्हाईक आत आलं, आणि भाची उठून त्याच्याकडं गेली. मामा उठला, बाहेर आला आणि दुकानाच्या पायरीवर उभा राहिला. घरी आत्ता गेलं तर बायको विचारणार, इतक्या लवकर कसे? अख्खी दुपार पुढं पडली होती. रविवारी दुपारी माणसं कुठं जातात हे त्याला गेल्या सोळा वर्षांत माहीत करून घ्यावं लागलं नव्हतं.